जोडी आपोआप सापडते, तिसरी नोट शोधावी लागते: एकाच नंबरच्या नोटांचा संच कसा लावायचा

आठवड्यातून एखादा तरी फोटो मला येतोच. दहाची नोट, शेजारी पन्नासची, आणि खाली प्रश्न: "नंबर जुळले! आता पुढे काय करू?" फोटो मोठा करून पाहावा तर जुळलेले असतात फक्त शेवटचे तीन आकडे. पन्नासच्या नोटेला मधोमध घडी, आणि दहाच्या नोटेवर कुणीतरी पेनाने भाजीचा हिशेब मांडलेला.

शेवटचे तीन आकडे जुळणं ही रोजची गोष्ट आहे. कुठल्याही ३८ नोटा घ्या, त्यांतल्या कुठल्यातरी दोघींचे शेवटचे तीन आकडे सारखे निघण्याची शक्यता निम्मी असते. खरा छंद सहाही आकडे जुळवण्याचा. तिथे बहुतेक जण एकच चूक करतात: आधी नंबर ठरवतात (जन्मतारीख, गाडीचा नंबर, ७८६) आणि मग तो नंबर येण्याची वाट बघत बसतात. ठरवलेला सहा आकडी नंबर हाती आलेल्या एका नोटेवर असण्याची शक्यता दहा लाखांत एक. वर्षानुवर्षं वाट बघूनही तो येत नाही, आणि माणूस कंटाळून छंद सोडतो.

म्हणून क्रम उलटा ठेवायचा. आधी नोटांची नोंद, मग त्या नोंदीतून निघेल ती जोडी, आणि त्या जोडीचा जो नंबर असेल तोच तुमच्या संचाचा नंबर.

१. "जुळणं" म्हणजे काय, ते आधी कागदावर लिहा

नोटेवरच्या नंबराचे दोन भाग असतात. सुरुवातीची तीन चिन्हं म्हणजे प्रीफिक्स. त्यात कधी एक आकडा नि दोन अक्षरं असतात, तर कधी दोन आकडे नि एक अक्षर. त्यानंतर सहा आकडी क्रमांक. संग्राहक "सेम नंबर सेट" म्हणतात तेव्हा सहसा हे सहा आकडेच अभिप्रेत असतात. प्रीफिक्सही जुळला तर सोन्याहून पिवळं, पण नवशिक्याने त्याच्या नादी लागू नये.

जुळणीचे प्रकार बरेच आहेत. मुख्य तीन असे:

- वेगवेगळ्या मूल्याच्या नोटा, नंबर एक. दहा, वीस, पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे अशी चढती माळ.
- एकाच मूल्याच्या नोटा, नंबर एक, प्रीफिक्स वेगवेगळे.
- एकाच मूल्याच्या नोटा, नंबर एक, पण रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सह्या वेगवेगळ्या.

यांतला एक निवडा. "मिळेल ते ठेवू" म्हणणाऱ्याच्या अल्बममध्ये पाच वर्षांनी दीडशे अर्धवट जोड्या असतात आणि संच एकही नसतो.

पहिल्या प्रकारात पैसे किती अडकणार याचा हिशेब आधीच करा. दहापासून पाचशेपर्यंत एक पूर्ण संच म्हणजे ८८० रुपये. ते पैसे व्याजाविना पडून राहणार. सुरुवातीला दहा-वीस-पन्नास एवढंच ध्येय ठेवा, ऐंशी रुपयांत काम होतं. पाचशेची नोट शेवटी.

*थांबा:* तुमचा नियम अशक्य तर नाही ना, हे पाहून घ्या. एक उदाहरण देतो. "गांधी मालिकेच्या नव्या नोटा, सगळ्यांवर ऊर्जित पटेल यांची सही" असा संच लावायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. वेरूळच्या लेण्यांचं चित्र असलेली नवी वीसची नोट आली २०१९ मध्ये, म्हणजे पटेल गव्हर्नरपदावरून पायउतार झाल्यानंतर. तिच्यावर शक्तिकांत दास यांची सही आहे. पटेल यांच्या सहीची वीसची नोट हवी तर ती जुन्या मालिकेतलीच घ्यावी लागेल. तसंच दोन हजारच्या नोटेचं. डिसेंबर २०२४ मध्ये गव्हर्नर झालेल्या संजय मल्होत्रा यांच्या सहीचा संच पाचशेलाच थांबतो, कारण दोन हजारच्या नोटा मे २०२३ मध्येच चलनातून मागे घ्यायला सुरुवात झाली होती.

२. वही (किंवा तक्ता) तयार करा, तीही नोटा आणण्याआधी

नोटा आधी आणि वही नंतर, हा क्रम हमखास फसतो. दोन दिवस नोटा टेबलावर राहतात, तिसऱ्या दिवशी घरात कुणाला तरी सुट्टे लागतात.

कागदाची वही चालते, पण शे-दोनशे नोटांच्या पुढे संगणकावरचा किंवा मोबाइलवरचा तक्ता बरा. रकाने एवढेच: मूल्य, प्रीफिक्स, सहा आकडी नंबर, इनसेट अक्षर, सही, छपाईचं वर्ष, अवस्था, नोट कुठे ठेवली आहे. इनसेट अक्षर म्हणजे नंबराच्या पट्टीत छापलेलं एकुलतं अक्षर. काही नोटांवर ते नसतंही. छपाईचं वर्ष मागच्या बाजूला असतं. २००५ पूर्वीच्या नोटांवर ते सापडणार नाही.

तक्त्यात दोन चुका फार होतात आणि दोन्ही मी केल्या आहेत.

पहिली शून्याची. नंबराचा रकाना "मजकूर" प्रकारचा ठेवला नाही तर ००४५१२ चं सरळ ४५१२ होतं. मग शोध घेताना तो नंबर सापडत नाही. माझ्या तक्त्यात अशा चाळीसेक नोंदी लंगड्या झाल्या होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच नोटा तोवर खर्चूनही टाकल्या होत्या.

दुसरी चूक प्रीफिक्स आणि नंबर एकाच रकान्यात लिहिण्याची. प्रीफिक्स दोन आकडे आणि "ई" असा असेल, तर तक्ता कधीकधी त्याला शास्त्रीय गणितातली भली मोठी संख्या समजतो आणि नोंदीचा चुथडा करतो. शिवाय प्रीफिक्स चिकटलेला असला की फक्त सहा आकड्यांवरून क्रम लावता येत नाही. दोन रकाने, कायम.

*तपासणी:* ०००१०७ असा खोटा नंबर टाकून बघा. पुढची तीन शून्यं शाबूत राहिली तरच पुढे चला.

३. नोटा मिळवा: पुडकं की सुट्या?

इथे थोडं गणित आहे. कंटाळू नका, पैसे इथेच वाचतात.

शंभर नोटांचं कोरं पुडकं (बाजारात याला सर्रास बंडल म्हणतात, पण बँकेच्या भाषेत बंडल म्हणजे अशी दहा पुडकी) शेवटी ०१ असलेल्या नंबरापासून सुरू होतं आणि ०० ला संपतं. समजा दहाच्या नोटांचं पुडकं ३५१२०१ ते ३५१३०० आहे. तुमच्याकडे वीसचंही पुडकं ३५१२०१ पासूनचं निघालं, तर एका फटक्यात शंभर जोड्या! व्यापारी संच लावतात ते असेच. पण दहा लाख नंबरांत पुडक्यांच्या अशा दहा हजार जागा असतात. म्हणजे दहाचं एक आणि वीसचं एक पुडकं घेतलं तर ते जुळण्याची शक्यता दहा हजारांत एक. दोन्हींची शंभर-शंभर पुडकी हाताखालून गेली तर सरासरीने एक मेळ बसतो. त्यासाठी दहाच्या नोटांचे एक लाख आणि वीसच्या नोटांचे दोन लाख, असे तीन लाख रुपये फिरवावे लागतात. आपलं तुपलं काम नव्हे.

आता सुट्या नोटांचं पाहा. वेगवेगळ्या पुडक्यांतून आलेल्या सुमारे १,२०० सुट्या नोटांचे नंबर नोंदवले, तर त्यांत कुठलीतरी दोन सारखी असण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास पोचते. सहाशे दहाच्या आणि सहाशे वीसच्या म्हटल्या तर १८,००० रुपये. तेही एकदम लागत नाहीत, हळूहळू जमवता येतात.

पुडक्यांतून मिळालं तर शंभर जोड्या मिळतात, नाहीतर काहीच नाही. सुट्या नोटांतून एकेक जोडी मिळते, पण मिळते. घरगुती संग्राहकाने पुडक्यांच्या मागे धावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुडकं घ्यायचंच झालं तर एका बंडलातली लागोपाठची दहा पुडकी घेऊ नका. ती सगळी एकाच हजारातली असतात, त्यामुळे जुळली तर सगळी जुळतात आणि हुकली तर सगळी हुकतात. दहा वेगवेगळ्या वेळी एकेक पुडकं घेतलेलं चांगलं.

सुट्या पण कोऱ्या नोटा कुठून मिळतात? लग्नसराईत आहेराच्या पाकिटांतून. दिवाळीच्या आधी, भाऊबीजेच्या ओवाळणीसाठी लोक कोऱ्या नोटा आणतात तेव्हा. गणपतीत मंडळांच्या वर्गणीतून. सगळ्यांत उत्तम म्हणजे ओळखीचं किराणा दुकान. आमच्या मेहुण्यांच्या गल्ल्यातून मी दर शनिवारी करकरीत नोटा निवडतो आणि तेवढ्याच रकमेच्या वापरलेल्या नोटा देतो. मेहुणे म्हणतात, "दाजी, तुम्ही नोटा धुवायला नेता काय?" म्हणोत. दुकानदाराला मात्र मोजून, समोरासमोर द्या-घ्या. गल्ल्याच्या हिशेबात दहा रुपयांची गफलत झाली तरी पुढच्या शनिवारी दार बंद होतं.

बँकेत जायचं तर महिन्याची पहिली तारीख आणि सोमवार टाळा. दुपारी गर्दी ओसरल्यावर रोखपालाला "कोऱ्या दहाच्या आहेत का?" एवढंच विचारा. तिथे उभं राहून नंबर चाळत बसू नका आणि "हा नंबर नको, तो द्या" म्हणू नका.

*थांबा:* पुडक्यात तारांकित नोट असेल तर वरचं गणित लागू होत नाही. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या बदली जी नोट घालतात तिच्या प्रीफिक्स आणि नंबराच्या मध्ये तारा (*) असतो. ही पद्धत २००६ मध्ये सुरू झाली. अशा पुडक्यात नोटा शंभरच असतात, पण नंबर सलग नसतात, आणि तसं पुडक्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. पहिली नोट बघून "शेवटची अमुक असणार" असं गृहीत धरू नका. या नोटा खोट्या आहेत अशी आवई उठली होती, तेव्हा जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या इतर नोटांसारख्याच वैध असल्याचा खुलासा केला.

४. नोंद, मग चाळणी, मग खर्च. हाच क्रम

नोटा घरी आल्या की हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. थुंकी लावून नोटा मोजायची सवय असेल तर ती या टेबलापुरती विसरा.

अ. आधी अवस्थेप्रमाणे दोन ढीग: घडी न पडलेल्या एका बाजूला, बाकीच्या दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या ढिगाची नोंद करू नका. हे ऐकायला दुष्ट वाटतं, पण घडीच्या नोटेची जोडी जुळली तरी पुढे कुणी विचारत नाही, आणि तुमचे नोंदीचे तास फुकट जातात. अपवाद जुन्या, आता न छापल्या जाणाऱ्या नोटांचा. दोन आणि पाचच्या जुन्या नोटा वापरलेल्या असल्या तरी नोंदवा.

आ. नोंद करताना एकाने वाचायचं, एकाने लिहायचं. एकटे असाल तर दहा-दहा नोटांचा एक फोटो काढून फोटोवरून लिहा. नोट उचल, वाच, लिही, ठेव असं केलं की आकड्यांची अदलाबदल होते. ६ आणि ८ यांची जास्तच.

इ. नंबराच्या रकान्यावर क्रम लावा. सारखे नंबर आपोआप एकाखाली एक येतील. वही असेल तर शेवटच्या दोन आकड्यांप्रमाणे शंभर कप्पे करा. बुटांच्या खोक्यात जाड कागदाचे पडदे लावले की झालं. नवी नोट आली की तिच्या कप्प्यातल्या दहा-बारा नोटांशीच ताडून पाहायची.

ई. जोडी न लागलेल्या नोटा लगेच खर्चू नका. नंबर वहीत राहतो, नोट हातातून जाते, आणि तीन आठवड्यांनी तिची जोडीदार येते तेव्हा कपाळावर हात मारण्यापलीकडे काही उरत नाही. किती पैसे अडकवू शकता ते ठरवा, तेवढ्या नोटा साठवा, आणि मर्यादा ओलांडली की सगळ्यांत मोठ्या मूल्याच्या आधी सोडा. पाचशेची एक नोट सोडली की दहाच्या पन्नास ठेवता येतात, आणि जोडी लागण्याच्या दृष्टीने पन्नास नोटा केव्हाही जास्त. खर्च केलेल्या नोटेची नोंद तक्त्यातून पुसा, नाहीतर भुतांच्या जोड्या लागतात.

*तपासणी:* महिन्यातून एकदा तक्त्यातल्या कुठल्याही पाच नोंदी निवडा आणि त्या नोटा खरोखर जागेवर आहेत का ते बघा.

५. जोडी लागली! आता तिच्यावर संशय घ्या

हा टप्पा घाईत उरकला जातो, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबतो.

दहा पट दाखवणारं भिंग, पट्टी आणि जांभळ्या (यूव्ही) किरणांचा छोटा टॉर्च एवढी सामग्री पुरे.

सर्वांत आधी त्या नोटेवरचे दोन्ही नंबर एकमेकांशी ताडा. नव्या मालिकेत एक नंबर वर डावीकडे आणि दुसरा खाली उजवीकडे असतो. दोन ठिकाणी वेगळे नंबर असतील तर ती छपाईतली चूक असू शकते, किंवा कुणाची कारागिरी. दोन्ही बाबतींत ती तुमच्या संचात बसत नाही, बाजूला ठेवा.

मग आकड्यांचा आकार. २०१५ पासून आलेल्या नोटांमध्ये सहा आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. प्रीफिक्सची तीन चिन्हं मात्र एकाच उंचीची. खाडाखोड पकडायला यासारखं साधन नाही. ३ चा ८, १ चा ७ किंवा ५ चा ६ करणारे महाभाग आहेत. पण तिसऱ्या जागेवरचा ८ पाचव्या जागेवरच्या ८ पेक्षा बुटका असायलाच हवा. पट्टी लावा: आकड्यांच्या डोक्यांवरून जाणारी रेघ सरळ चढत गेली पाहिजे. मधला एखादा आकडा त्या रेघेतून वर किंवा खाली निघाला तर नोट परत करा. जुन्या, सारख्या उंचीच्या आकड्यांच्या नोटांना ही युक्ती चालत नाही. तिथे भिंगाखाली कागदाचे तंतू पाहा. खरवडलेली जागा लवदार दिसते, आणि जांभळ्या प्रकाशात तिथला आकडा शेजाऱ्यांपेक्षा वेगळा उठतो.

जोडी एकाच मूल्याची असेल आणि प्रीफिक्सही तोच असेल, तर घाबरण्याआधी तीन गोष्टी पाहा: इनसेट अक्षर, छपाईचं वर्ष, सही. रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं आहे की एकाच नंबरच्या दोन नोटा असू शकतात, पण त्यांचं इनसेट अक्षर, वर्ष किंवा गव्हर्नरांची सही वेगळी असते. यांतलं काहीतरी वेगळं निघालं तर अभिनंदन, ही जोडी फार मोलाची. तिन्ही सारखी निघाली तर मात्र दोघींतली एक खोटी असण्याची दाट शंका धरा. "गंमत म्हणून ठेवू" म्हणू नका आणि बाजारात खपवायचा तर विचारही करू नका, खोटी आहे हे माहीत असून नोट चालवणं गुन्हा आहे. बँकेत नेऊन दाखवा. खोटी ठरली तर ते ती जप्त करून पोचपावती देतील. पैसे मिळणार नाहीत.

शेवटी अवस्था. संचाची किंमत त्यातल्या सर्वांत वाईट नोटेवर ठरते. दहाची कोरी आणि वीसची घडी पडलेली, तर संच घडी पडलेला. दोन्ही नोटा खिडकीच्या उजेडात तिरक्या धरा. वरून सपाट दिसणारी नोट तिरकी धरली की मधली मऊ घडी उघडी पडते. कोपरे भिंगाने पाहा, टोकं बोथट झाली असतील तर ती नोट फिरलेली आहे. जुन्या काळच्या पुडक्यांना टाचण्या मारत, त्यामुळे तेव्हाच्या कोऱ्या नोटांना डावीकडे बारीक भोकं असतात. त्या काळातल्या नोटेत हा दोष क्षम्य मानतात. हल्लीच्या नोटेत नाही.

*कळकळीची विनंती:* घडी घालवायला नोटेवरून इस्त्री फिरवू नका. डाग काढायला पाणी, खोडरबर, पेट्रोल, काही नको. इस्त्रीने कागद चपटा आणि चकचकीत होतो, छपाईचा उठाव जातो, आणि जाणकाराला ते बोटाने कळतं. घडी असलेली प्रामाणिक नोट इस्त्री केलेल्या नोटेपेक्षा बरी.

६. तिसरी नोट: आता विकत घ्या किंवा अदलाबदल करा

जोडी लागली म्हणजे नंबर ठरला. आणि नंबर ठरला की आपण पुन्हा दहा लाखांत एकच्या गणितात सापडलो. तिसरी नोट गल्ल्यातून येण्याची वाट बघू नका. इथून पुढे माणसांकडे जायचं.

विचारायची पद्धत महत्त्वाची. "४८३९१७ नंबरची पन्नासची आहे का?" असं विचारलं तर विक्रेता नाही म्हणतो, कारण साध्या नंबरच्या सुट्या नोटांची यादी कुणी ठेवत नाही. त्याऐवजी "४८३९०१ पासूनचं पन्नासचं पुडकं आहे का?" असं विचारा. विक्रेत्याकडे पुडकी असतात आणि पुडक्याचा पहिला नंबर त्याला माहीत असतो. असलं तर त्यातून एक नोट काढून द्यायला तो थोडेच पैसे जास्त घेतो.

इथे साध्या नंबराचा फायदाही कळतो. तुमची जोडी ७८६ ची, किंवा ११११११ सारखी एकाच आकड्याची, किंवा उलटसुलट सारखी वाचली जाणारी असेल तर तिसऱ्या नोटेला विक्रेता तोंडाला येईल ती किंमत सांगणार, कारण त्या नंबराला आणखी दहा गिऱ्हाइकं आहेत. ४८३९१७ ला तुमच्याशिवाय कुणी वाली नाही. मी स्वतः असे बिनचेहऱ्याचे नंबर पसंत करतो. जन्मतारखेचा संच कुणाला भेट द्यायचाच असेल तर तो स्वतः जमवायचा हट्ट सोडा आणि विक्रेत्याकडून तयार घ्या.

नाण्या-नोटांच्या प्रदर्शनाला जाताना जोड्यांची छापील यादी न्या, मोठ्या अक्षरांत, नंबराच्या चढत्या क्रमाने. विक्रेता गर्दीत असतो, तुमचा मोबाइल चाळत बसणार नाही. अदलाबदल करायची तर आधी समोरच्याची यादी मागा. स्वतःची नंतर द्या.

दूरच्या माणसाकडून घेताना हे तपासा:

- नोटेचा फोटो आज हाताने लिहिलेल्या तारखेच्या चिठ्ठीसह, दोन्ही बाजूंचा, पाकिटातून बाहेर काढून. जुनाच फोटो पुनःपुन्हा वापरून विकणारे बरेच आहेत.
- नोटेच्या तिरक्या उजेडातला एक फोटो. तो द्यायला टाळाटाळ झाली तर घडी आहे असं समजा.
- पैसे आधी, नोट नंतर अशी अट असेल तर पहिला व्यवहार छोट्या रकमेचा करा.

*थांबा:* "तुमची नोट लाखाला घेतो, आधी नोंदणी शुल्क, कर, कमिशन भरा" असा फोन आला की फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून हे चालतं. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण कधीच नसतो आणि असं शुल्क कधीच मागत नाही, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. विकत घेणारा माणूस तुमच्याकडे पैसे मागत नाही, एवढं साधं आहे.

७. ठेवणं: पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून

कोकण, मुंबई, गोव्यातल्या घरांमध्ये नोटांचा शत्रू जून ते सप्टेंबर. माझी पहिली वीसची जोडी मी कागदाच्या क्लिपने एकत्र ठेवली होती. ऑगस्टमध्ये क्लिप काढली तर दोन्ही नोटांवर तिचा गंजलेला ठसा, अगदी नंबराच्या पट्टीवर. तेव्हापासून धातूचं काही नाही, रबर नाही, चिकटपट्टी तर नाहीच. रबर उन्हाळ्यात विरघळून नोटेला चिकटतं.

प्रत्येक नोट स्वतंत्र पारदर्शक पाकिटात, आणि संचाची पाकिटं अल्बमच्या एकाच पानावर. पाकीट पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनचं घ्या. स्वस्त, मऊ, नव्या रेनकोटसारखा वास येणारं पीव्हीसीचं नको. काही वर्षांनी त्यातून चिकट द्रव सुटतो आणि शाई धरतो. अल्बम पुस्तकासारखा उभा ठेवा, भिंतीला टेकवू नका, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. डांबराच्या गोळ्या नोटांच्या कपाटात नकोत. दसऱ्यानंतर एखाद्या कोरड्या दिवशी पंख्याखाली पानं उघडून ठेवा, उन्हात नाही.

आणि हो, लक्ष्मीपूजनाला अल्बम पूजेत मांडा, हवं तर. पण बंद. हळदीचा डाग नोटेवरून जात नाही.

लॅमिनेशन केलेली नोट संग्राहकाच्या दृष्टीने मेली.

८. कायद्याच्या दोन मर्यादा

८ नोव्हेंबर २०१६ ला रद्द झालेल्या पाचशे आणि हजारच्या नोटा संचात घ्यायच्या असतील तर जपून. २०१७ च्या कायद्याप्रमाणे या नोटा कुणालाही एकूण दहापेक्षा जास्त बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणे-नोटा संग्रहासाठी ही मर्यादा पंचवीस. पाचशे आणि हजार वेगवेगळ्या मोजायच्या नाहीत, दोन्ही मिळून पंचवीस. दंड दहा हजार रुपये किंवा बाळगलेल्या नोटांच्या दर्शनी रकमेच्या पाचपट, यांतला जो जास्त असेल तो. "जुन्या हजारचं अख्खं पुडकं स्वस्तात देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. दोन हजारच्या नोटेची गोष्ट वेगळी. ती मागे घेतली असली तरी रद्द झालेली नाही, संचात ठेवायला अडचण नाही.

परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांना संच द्यायचा असेल तर भारतात येता-जाता माणशी २५,००० रुपयांपर्यंतचं भारतीय चलन नेता-आणता येतं. नेपाळ-भूतानचे नियम निराळे आहेत. ८८० रुपयांच्या संचाला ही मर्यादा आड येत नाही. साध्या लिफाफ्यात घालून पाठवू नका, येणाऱ्या माणसाच्या हातात द्या.

९. घरच्यांसाठी चिठ्ठी

अल्बमच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, एक कागद लावा. आमच्याकडे तो उशिरा लागला. त्याआधी एका सकाळी दूधवाल्याला सुट्टे हवे होते, मी अंघोळीला गेलो होतो, आणि आईने "ह्या काय, पुस्तकातच दहा-वीसच्या पडल्यात" म्हणून दोन नोटा काढून दिल्या. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला विचारलं. त्याने त्या केव्हाच पुढे दिल्या होत्या.

आता माझ्या कागदावर असं लिहिलं आहे: "यातल्या नोटा खर्चायच्या नाहीत. सुट्टे फ्रीजवरच्या डब्यात आहेत." डब्यात सुट्टे खरोखर ठेवा, नाहीतर कागदाला कुणी विचारत नाही.